उजवा हात

“ती मागची. शेवटच्या बाकावरची, लाल रिबिनीची. हां, तू सांग.”

नव्या मॅडमनी माझ्याकडं बोट केलं आणि अख्ख्या सातवी ब नं माना वळवल्या. मी उभी राहिले. हात अजून वरच होता. डावा.

मॅडमना बिचाऱ्यांना काय ठाऊक! आमच्या पटवेकर बाईंनी जूनमध्येच वर्गाला पढवून ठेवलं होतं. कुणी साहेब तपासणीला आले, नाहीतर बी.एड.च्या कुणी मॅडम पाठ घ्यायला आल्या, की प्रश्न विचारल्याबरोबर सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला येतंय त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बघणाऱ्याला वाटावं, काय हुशार वर्ग आहे! बाई उजव्यांतला एखादा उठवायच्या, उत्तर फडाफडा यायचं, साहेब खूश. माझा डावा हात असा ताठ उभा राहायचा की उजव्यालाही लाज वाटावी.

“व्हॉट डू यू डू एव्हरी मॉर्निंग?” मॅडमनी प्रश्न परत विचारला. आवाज गोड होता. वयानं लहान होत्या, साडीच्या निऱ्या सारख्या सावरत होत्या.

“आय...” मी म्हणाले. “आय अ‍ॅम...”

“आय अ‍ॅम नापास!” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग खदखदून हसला.

एकच डोकं वळलं नव्हतं. दुसऱ्या रांगेतलं, दोन वेण्यांचं, सरळ भांगाचं. ती शैला. माझी बहीण, माझ्याहून वर्षानं धाकटी. मी सातवीत आपटले आणि ती सहावीतून पहिल्या नंबरानं वर आली, तेव्हा आम्ही एका वर्गात आलो. आईला त्याचं कौतुक होतं, पुस्तकांचा एकच संच लागणार म्हणून. शाळेत मात्र आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. तसं काही ठरलं नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर पुढं चालू लागली आणि मी मागं राहिले, एवढंच. घरी ती मला आक्का म्हणायची, माझ्या ताटातलं खायची, रात्री माझ्याच अंगावर पाय टाकून झोपायची. फक्त शाळेचं नाव काढायचं नाही. उंबऱ्याच्या आत शाळा नाही, आणि शाळेत आक्का नाही.

आप्पांची पिठाची गिरणी होती, पेठेच्या तोंडाशी. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी दळण थांबवलं नाही, नुसतं पट्ट्याकडं बघत म्हणाले, “यंदाचं एक साल बघू. पटवेकर बाई म्हणल्या हिला ठेवा, तर ठेवू शाळेत. न्हाईतर गिरणी हायच की.” आई म्हणाली, “वाचाय येतंय, लिवाय येतंय. पोरीच्या जातीला लई झालं.” शाळा सुटली की मी गिरणीवर बसायचेच. डबे उतरवून घ्यायचे, वजन करायचं, वरच्या तोंडात धान्य ओतायचं, खाली पीठ हातावर घेऊन बारीक-जाड बघायचं. संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या.

वर्गात माझं हसं झालं त्याच संध्याकाळी त्या मॅडम ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आल्या. मी चटकन यंत्राच्या मागं झाले, पण रिबिनीनं दगा दिला.

“अगं, तू का! वैजयंता ना? हजेरीत बघितलं मी तुझं नाव.” त्यांनी पदर नाकाला लावला होता, पण डोळे हसत होते. “एक विचारू? तू डावखुरी आहेस का?”

“न्हाई मॅडम.”

“मग डावा हात का वर केलास?”

आता खोटं कुठं बोलायचं? मी सांगून टाकलं, उजव्याचं नि डाव्याचं. मॅडम आधी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, “मग उजवा कधी वर केलास?”

“अजून न्हाई केला.”

त्यांचं नाव हेमलता वाघचौरे. शेवगावकडच्या. आमच्या गावच्या कॉलेजात बी.एड.ला आल्या होत्या आणि गिरणीमागच्या बोळात खोली घेऊन राहत होत्या. ज्वारी दर आठवड्याला लागते, पण त्या हळूहळू दर दोन दिवसांनी येऊ लागल्या. कधी पावशेर डाळ भरडायला, कधी नुसत्याच. त्यांच्या इंग्रजीची सुरुवात पुस्तकातून झालीच नाही.

“ही गिरणी रोज काय करते?” त्यांनी एकदा विचारलं.

“दळती.”

“आणि आत्ता काय करतेय?”

“दळतीय.” मला हसू आलं. हे काय विचारणं झालं!

“बघ. दोन्ही येतात तुला. आईच्या पोटातून घेऊन आलीस. रोजचं ते साधं, आत्ताचं ते चालू. इंग्रजीत नुसते कपडे निराळे. द मिल ग्राइंड्स एव्हरी डे. द मिल इज ग्राइंडिंग नाऊ. म्हण.”

गिरणीच्या घरघरीत मी म्हणून बघितलं. त्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती. आप्पा बघत होते, पण त्यांना वाटत होतं आम्ही गुणगुणतोय. तेवढ्यात लाईट गेली. पट्टा सुस्तावत थांबला आणि माझंच वाक्य मोठ्यानं ऐकू आलं.

“आता?” मॅडम म्हणाल्या. “आता काय म्हणशील?”

मी विचार केला. “द मिल ग्राइंड्स... रोज. पण नाऊ... इज नॉट ग्राइंडिंग.”

मॅडमनी टाळी वाजवली. हाताला पीठ होतं, ते हवेत उडालं. इंग्रजीच्या बाबतीत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवण्याची ती पहिली वेळ. मला एवढा जोर चढला की मी म्हणाले, “आय अ‍ॅम नोइंग, मॅडम! आय अ‍ॅम नोइंग!”

“अं हं. तिथं नाही चालायचं ते.”

“का? आत्ताच तर कळलं. आत्ताचं ते चालू.”

त्यांनी भिंतीवरच्या खटक्याकडं बोट केलं. “गिरणीला खटका असतो. दाबला की चालू, दाबला की बंद. माहीत असण्याला खटका नसतो, वैजयंता. एकदा माहीत झालं की झालं. ते बंद करता येत नाही. म्हणून नुसतं आय नो. म्हण.”

“आय नो.”

“पुन्हा.”

“आय नो, मॅडम.”

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी वर्गात अजून डावाच हात वर करत होते, कारण गिरणीतलं धाडस वर्गात येत नव्हतं. पुढं त्या दोन वेण्या दिसायच्या आणि जीभ टाळ्याला चिकटायची. मॅडमनी जबरदस्ती केली नाही. फेब्रुवारीत मात्र एकदा दळणाच्या डब्यावर बसून म्हणाल्या, “माझा वार्षिक पाठ आलाय. बाहेरगावचे परीक्षक येणार. भावांनी मला एवढंच वर्ष दिलंय बघ. चांगला शेरा पडला तर पाथर्डीच्या एका शाळेत घेतो म्हणालेत. नाहीतर लग्नाचा मांडव.”

“मला पण एवढंच साल दिलंय,” मी म्हणाले.

“मग दोघींनी पास होऊ या. पाठ झाला की मी पटवेकर बाईंशी बोलणार आहे तुझ्याबद्दल. म्हणणार, या मुलीला शाळेतून काढू देऊ नका. पण मी बोलून काय होणार? त्यांच्यासमोर एकदा तुझा उजवा हात वर जायला हवा.”

तेवढं एकच मनात धरून मी दिवस काढू लागले. वर्गात उजवा हात वर करायचा, पटवेकर बाईंसमोर, आणि शैलासमोर.

आता वार्षिक पाठ म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमची शाळा कॉलेजला लागून. वर्षभर पाठ घेणाऱ्यांची रीघ. त्यामुळं आम्ही पोरं शिकण्यात कच्ची असलो तरी शिकवून घेण्यात पटाईत झालो होतो. आधी सोपे सोपे प्रश्न, त्यांची उत्तरं धडाधड यायला हवीत. मग शेवटचा एक प्रश्न असा, की तो कुणालाच येता कामा नये. वर्ग गप्प झाला की मॅडम म्हणणार, “तर आज आपण हेच शिकणार आहोत.” पोरांना ते आधीच आलं, तर मग मॅडम शिकवणार काय? आदल्या वर्षी, मी पहिल्यांदा सातवीत होते तेव्हा, एक पाठवाले सर असेच उभे होते. शेवटचा प्रश्न विचारला आणि एक शहाणा पोरगा उठून म्हणाला, “सर, हे तर काल झालंय!” परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. आधी शिकवलेला पाठ बाद. ते सर नंतर सायकल स्टँडपाशी तोंडाला रुमाल लावून उभे होते. हे बघितलेली वर्गात मीच एकटी. नापास होण्याचा तेवढा एक फायदा.

पण खरा कारभार असा असायचा, की वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी वर्गाची तालीम होई. कुणी काय उत्तर द्यायचं, कुठं गप्प बसायचं, सगळं ठरे. आणि यंदापासून आम्हा डाव्या हातवाल्यांना तालमीलाही नि पाठालाही बाहेर काढत. शुक्रवारी पटवेकर बाईंनी आमची नावं वाचली. “तुम्ही आज नि उद्या मैदानावरचे खडे वेचा. स्नेहसंमेलनाचा मांडव पडायचाय.” आम्ही खडे वेचत होतो तेव्हा वर्गातून पोरांचा आवाज येत होता, मग एकदम शांतता, मग हशा. काय चाललंय ते कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी मैदानाकडंच निघाले होते. फाटकाशी मॅडम उभ्या. खळ घातलेली पांढरी साडी, हातात गुंडाळी फळा, कपाळाला घाम.

“वैजयंता! तिकडं कुठं? तू वर्गात बसायचं आहेस. मी बाईंना काकुळतीला येऊन विचारलंय. शैलानं काल सांगितलं ना तुला सगळं?”

“हो मॅडम,” मी म्हणाले.

“सगळं?”

“हो.”

त्यांना सुटल्यासारखं झालं. त्या घाईनं आत गेल्या, आणि मी हातातली खडे वेचायची पाटी फाटकाशीच टाकून वर्गाकडं पळाले.

शेवटचा बाक माझाच होता. त्याच्या मागं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर पटवेकर बाई, दुसरीवर सफारीतले परीक्षक. इतके जवळ की त्यांच्या तोंडातल्या वेलदोड्याचा वास येत होता. शैलानं एकदाच मागं वळून बघितलं. मला बघून तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, माझ्या अंगावर पीठ राहिलंय. मी बाही झटकली.

“व्हॉट डू यू डू एव्हरी मॉर्निंग?” मॅडमनी सुरुवात केली.

हातांचं रान उठलं. शैला उठली. “आय ब्रश माय टीथ, मॅडम.”

“व्हेरी गुड! व्हॉट डज युवर मदर डू एव्हरी डे?”

“शी कुक्स फूड, मॅडम.”

सगळं घड्याळासारखं चाललं होतं. मागं परीक्षक “हं, हं” करत होते. मग मॅडमनी डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागल्या. पुसता पुसता, मान वळवून, हसऱ्या तोंडानं त्यांनी विचारलं, “नाऊ, चिल्ड्रन, व्हॉट अ‍ॅम आय डूइंग?”

एकही हात वर नाही. उजवा नाही, डावाही नाही.

मला कळेना. हे काय झालं यांना? मघाशी पोपटासारखी बोलणारी पोरं बाकाकडं बघत बसली होती. शैलाला तर हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. ती दौतीच्या भोकात बोट घालून बसली होती. मी मॅडमकडं बघितलं. डस्टर फिरत होतं. रोज पुसतात ते साधं. आत्ता पुसतायत ते चालू. माझ्या कानात गिरणी सुरू झाली, आणि शेवटच्या प्रश्नाला गप्प बसायची ती रीत त्या घरघरीत पार बुडाली. आणि मला वाटलं, आज देवानंच सगळ्यांची तोंडं बंद केलीत, माझ्या एकटीसाठी.

मी हात वर केला. उजवा.

मॅडमची नजर माझ्यावर आली आणि चटका बसल्यासारखी बाजूला झाली. “कुणालाच येत नाही?” त्या घाईनं म्हणाल्या. “नो वन? बरं, तर मग आज आपण...”

“मॅडम,” माझ्या मागून आवाज आला. “इथं एक हात वर आहे.”

आता इलाज नव्हता. मॅडमनी मला मानेनं खूण केली. मी उठले. वाक्य तयार होतं, अगदी घोटून बारीक झालेलं.

“यू आर वायपिंग द बोर्ड, मॅडम.”

माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. सगळा वर्ग मागं वळला होता, शैलासुद्धा. मी मॅडमच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. ‘शाब्बास’ यायची वाट बघत होते.

“चूक,” मॅडम म्हणाल्या. “खाली बस.”

आधी एक पोरगं फिसकलं, मग दुसरं, मग सगळा वर्ग. मी बसले. कान तापले होते. काय चुकलं? फळा नव्हता का तो? पुसत नव्हत्या का त्या?

“तर आज आपण हेच शिकणार आहोत,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं मथळा घातला, चालू वर्तमानकाळ. आणि त्याखाली, माझ्याकडं पाठ करून, ठसठशीत अक्षरांत पहिलं वाक्य लिहिलं. ते माझंच होतं. मी एकेक अक्षर लावून बघितलं. काना-मात्रेचा फरक नव्हता. मग मॅडमनी ते सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि मीसुद्धा म्हटलं. तेव्हा मला समजलं ते एवढंच, की वाक्य बरोबर होतं, फक्त माझ्या तोंडातून आल्यावर चूक झालं होतं.

पाठ रंगला. तो खरंच छान झाला. पोरं उभी राहून खोटं खोटं पाणी पीत होती, खोटं खोटं झाडत होती, “आय अ‍ॅम स्वीपिंग!” करून ओरडत होती. घंटा झाली. परीक्षक उठले, पण गेले नाहीत. माझ्या बाकाशी वाकले.

“मुली, मघाशी तू उत्तर दिलंस. ते बरोबरच होतं की.” पोरं दप्तरं भरायची थांबली. “कुणी शिकवलं तुला?”

मॅडम फळ्याजवळ खडू घेऊन उभ्या होत्या. मला सायकल स्टँडपाशी उभे असलेले ते सर दिसले, तोंडाला रुमाल लावलेले. उजव्या हाताचं माझं कौतुक होण्याची ही एकच घडी होती. मॅडमनी शिकवलं, असं म्हटलं की मी हुशार आणि मॅडम घरी.

“कुणी न्हाई सर,” मी म्हणाले. “अंदाजानं बोलले. मी नापास हाय.”

“असं?” त्यांचं समाधान झालं नव्हतं. “डू यू नो धिस टेन्स?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. “आय अ‍ॅम नॉट नोइंग, सर.”

ते हसले. त्या हसण्यातून शंका फिटल्याचं कळत होतं. पटवेकर बाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसल्या. पोरं तर हसतच होती. फळ्याकडं मात्र कुणी हसलं नाही. मॅडमनी तोंड फिरवलं होतं आणि पुसलेला फळा त्या परत पुसत होत्या.

बाहेर व्हरांड्यात बाई त्यांना म्हणाल्या, “सांगत होते मी, त्या पोरीला बाहेर ठेवा. ऐन वेळी घात झाला असता. निभावलं म्हणून बरं.” मी खांबापलीकडं होते. मॅडम आता माझ्याबद्दल बोलतील असं वाटलं. त्या काहीतरी बोलणार होत्याही. पण बोलायचं तर कसं? हिला येतं म्हणावं, तर मी आधी शिकवलं हे आलं. “हो बाई,” त्या म्हणाल्या.

मग पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला गाठलं. हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“माझ्यासाठी बोललीस ना तू ते? मला कळलं गं.” त्यांचे डोळे भरले होते. “पण असं व्हायला नको होतं. मी काल मुद्दाम शैलाजवळ निरोप दिला होता. म्हटलं, आक्काला सांग, उद्या वर्गात बसायचं आणि पहिल्याच प्रश्नाला उजवा हात वर करायचा, मी तुलाच उठवणार आहे. आणि शेवटच्या प्रश्नाला काही झालं तरी हात वर करायचा नाही. तिनं सांगितलं नव्हतं का तुला?”

शैलानं मला काहीच सांगितलं नव्हतं.

काल घरी आल्यावर ती माझ्याशेजारी बसून जेवली होती, माझ्या ताटातला गूळ तिनं उचलला होता, रात्री अंगावर पायही टाकला होता. एक शब्द बोलली नव्हती. का, ते मला त्या टाकीपाशी उभ्या उभ्या कळलं. सांगितलं नाही तर मी मैदानावर खडे वेचत राहीन, असं तिला वाटलं असणार. साहेबांसमोर, सगळ्या वर्गासमोर, मी तिची बहीण म्हणून आत बसू नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि सकाळी फाटकाशी मी ‘हो’ का म्हणाले? मॅडम विचारत होत्या, शैलानं सांगितलं ना? नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का नाही सांगितलं? मग सांगावं लागलं असतं, की माझी बहीण शाळेतलं एक अक्षर माझ्याशी बोलत नाही. नापास असल्याची लाज मला सवयीची झाली होती. ही दुसरी लाज मी कुणालाच दाखवलेली नव्हती. मॅडमना तर नाहीच नाही.

“सांगितलं होतं की,” मी म्हणाले. “सगळं सांगितलं होतं तिनं. मीच विसरले.”

“विसरलीस?”

“हो मॅडम. माझ्या ध्यानात राहत न्हाई.”

मग डोक्यावरचा हात गालावर आला आणि त्या हळूच म्हणाल्या, “असू दे हं. होतं असं एखाद्याचं.” तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पटवेकर बाई ढ पोरांशी याच मायेनं बोलायच्या. जगात एकच माणूस मला ढ समजत नव्हतं, तेही आता समजू लागलं, आणि ते माझ्याच तोंडच्या शब्दांनी. मी नळाखाली तोंड धुतलं.

मॅडमना चांगला शेरा मिळाला. पाथर्डीला जाण्याआधी त्या पेढे घेऊन गिरणीवर आल्या, आप्पांच्या पाया पडल्या. मेमध्ये पटवेकर बाई म्हणाल्या, हिला आता घरकाम शिकवा. आप्पांनी मान डोलावली आणि मी गिरणीवर बसले ती बसलेच. आज ती माझ्या नावावर आहे. शैला पुढं खूप शिकली, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झाली. दिवाळीला येते, माझ्याच ताटात जेवते. त्या निरोपाचं ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं जे होतं ते पाठाच्या दिवशीच घरी जाताना होऊन गेलं होतं.

शनिवारची शाळा, भर दुपारचं ऊन. रोजच्यासारखी ती मैत्रिणींबरोबर पुढं आणि मी मागं. पैलवानांच्या तालमीच्या कोपऱ्यावर ती खाली वाकली, चपलेचा बंद बघायला. बंद चांगला होता, मीच आठवड्यापूर्वी शिवून आणला होता. मैत्रिणी पुढं गेल्या, ती वाकलेलीच. मी जवळ पोचले तशी उठली आणि माझ्या शेजारून चालू लागली.

जूनपासून पहिल्यांदा. भर रस्त्यात, शाळेच्या कपड्यांत, खांद्याला खांदा लावून. न्हाव्याच्या दुकानाशी पुढच्या पोरी थांबल्या, वळून बघायला लागल्या, आपसांत काही बोलून हसल्या. शैलाचे कान लाल झाले, मला शेजारून दिसत होते. तरी ती हलली नाही. तिचा हात माझ्या हाताला लागला. उजव्या.

“आक्का,” ती म्हणाली. “आक्का, काल मी...”

मला ते ऐकायचं नव्हतं. तिनं ते बोलून टाकलं असतं तर खरं झालं असतं.

“पुढं हो तू,” मी म्हणाले. “पोरी बघायला लागल्यात.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघत होते. थोडा वेळ ती तशीच चालली, मग तिनं दप्तर सावरलं आणि पुढं गेली. आधी चालत, मग पळत.